आठ सत्रांत लैंगिक आरोग्य: वस्तीतल्या मुलामुलींसाठी काय ठेवावं, काय गाळावं?

खिडकीकाठ
शहरातली दाटीवाटीची वस्ती. तिथल्या अभ्यासिकेत येणारी १२ ते १६ वयाची साधारण चाळीस मुलंमुली. काहींची शाळा सुटलेली, काही अर्धा दिवस कामावर जाणारी. आठ सत्रं मिळाली आहेत, प्रत्येकी सव्वा तास. कच्चा आराखडा असा: शरीररचना, पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधक साधनं, लैंगिक संसर्ग, एचआयव्ही, नकोसा स्पर्श आणि शेवटी प्रश्नमंजूषा.

तीन ठिकाणी अडलंय. मुलं-मुली एकत्र बसवावीत की वेगळी? कंडोम प्रत्यक्ष दाखवावा का? आणि आठांत मावत नसेल तर कशावर काट मारावी? वाद घाला, हरकत नाही, पण हाताला काही लागेल असंही द्या.

दुसरीपाळी
ही पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका झाली. युनेस्कोची लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शिका (२००९ ची, २०१८ मध्ये सुधारलेली) आठ मुख्य संकल्पना मांडते. त्यांत शरीर आणि वाढ ही एक, लैंगिक-प्रजनन आरोग्य ही एक. बाकीच्या सहा म्हणजे नाती, मूल्यं आणि हक्क, लिंगभाव, हिंसा आणि सुरक्षितता, स्वतःची काळजी घेण्याची कौशल्यं, लैंगिकता आणि वर्तन. तुमची आठापैकी सहा सत्रं पहिल्या दोन खणांतच गेली. संमतीला जागा नाही, मोबाइलला नाही, आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे दवाखान्याला नाही.

सुस्थितीतल्या मुलाला चुकीची माहिती मिळाली तरी घरचा डॉक्टर असतो, पैसा असतो, गाडी असते. या मुलांना बरोबर माहिती मिळाली तरी पुढे कुठे जायचं ते माहीत नसतं. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या शेवटी ‘मग कुठे जायचं, कोणाला सांगायचं’ याला दहा मिनिटं राखून ठेवा. त्यासाठी बीजांडवाहिनीची आकृती गाळावी लागली तरी चालेल.

तिरकीरेघ
वाखू (वाचनखूण) साठवली. आता सावकाश भांडा.

कागदकात्री
पहिल्या सत्रात शरीररचना नकोच. पहिलं सत्र नियम आणि प्रश्नपेटी यांचं. पेटी सगळेच ठेवतात आणि बहुतेक पेट्या रिकाम्या राहतात. कारणं ठरलेली आहेत:

पेटी दाराशी असते, त्यामुळे चिठ्ठी कोण टाकतंय ते सगळ्यांना दिसतं. उपाय एकच, सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. प्रत्येकाला एकाच आकाराचा, एकाच रंगाचा कागद आणि सारखी पेन्सिल. प्रश्न नसेल त्याने फळ्यावर लिहिलेलं एक ठरलेलं वाक्य उतरवून काढायचं, म्हणजे सगळ्यांचे हात सारखाच वेळ चालतात. प्रत्येकाने दोन घड्या घालून टाकायचं.

लिहिता न येणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता करून त्याला आकडे द्या: शरीर, पाळी, दुखणं, मोबाइल, कोणीतरी त्रास देतंय, प्रेम. चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिला तरी पुरे.

उत्तरं त्याच दिवशी देऊ नका. चिठ्ठ्या घरी न्या, वर्गवारी करा, प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. मूळ चिठ्ठी मोठ्याने वाचली की अक्षर, बोली आणि चुका यांवरून मूल ओळखलं जातं. अचकट प्रश्नालाही सरळ उत्तर द्यायचं. दोनतीनदा सरळ उत्तर मिळालं की टवाळी आपोआप कमी होते आणि खरे प्रश्न येऊ लागतात.

एक धोक्याची सूचना. चिठ्ठीत अत्याचाराची खूण दिसली तर ‘हे कोणी लिहिलं’ असं वर्गात विचारायचं नाही. पुढच्या सत्रात सगळ्यांना उद्देशून मदतीचे मार्ग सांगायचे आणि सत्र संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं.

शंकेखोर
विरोधी सूर लावतो. बारा वर्षांच्या मुलीसमोर गर्भनिरोधक साधनांची चर्चा? नसती उत्सुकता चाळवेल. पालकांनी हरकत घेतली तर पुढची सातही सत्रं बंद पडतील.

दुसरीपाळी
@शंकेखोर, उत्सुकता चाळवण्याच्या मुद्द्यावर बराच अभ्यास झालेला आहे. युनेस्कोच्या मार्गदर्शिकेसाठी जे पुरावे तपासले त्यांत असं शिक्षण दिल्याने लैंगिक संबंध लवकर सुरू होतात असं आढळलं नाही. ‘लग्नापर्यंत काहीच नको’ एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांमुळे संबंध पुढे ढकलले जातात असंही दिसलं नाही.

पण वयाचा मुद्दा रास्त आहे. १२-१३ आणि १४-१६ असे दोन गट करा, चाळीसची संख्याही त्यानेच आटोक्यात येईल. मार्गदर्शिकेतही वयोगट पाडलेले आहेत: ५-८, ९-१२, १२-१५ आणि १५ च्या पुढे. धाकट्यांना गर्भ कसा राहतो आणि तो टाळण्याचे उपाय असतात एवढं कळलं तरी भागतं. थोरल्यांना ते उपाय कसे चालतात आणि कुठे फसतात तेही लागतं.

पालकांची सभा सत्रांच्या आधी घ्या. जे साहित्य मुलांना दाखवणार तेच त्यांना दाखवा, वेगळी ‘सौम्य’ आवृत्ती नको. पालक अडून बसतात ते बहुधा विषयामुळे नाही, नक्की काय शिकवणार ते लपवलंय असं वाटल्यामुळे. शिवाय अर्ध्या पालकांचे स्वतःचेच प्रश्न निघतात, तेव्हा पेटी तिथेही न्या.

शंकेखोर
पुराव्यांचं मान्य. पालकांपुढे तेच साहित्य ठेवणार असाल तर माझी हरकत निम्म्यावर आली. उरलेली निम्मी राखून ठेवतो, पुढे लागेल.

गच्चीवरचा
एकत्र की वेगळं, यावर: दोन्ही, पण विषय सगळ्यांना सगळे. मुलांना पाळी शिकवायची आणि मुलींना मुलग्यांच्या शरीरातले बदल. वेगळं बसवायचं ते फक्त खासगी शंकांसाठी. सव्वा तासातली पहिली चाळीस मिनिटं वेगळी आणि उरलेला वेळ एकत्र, ही वाटणी बरी पडते. उलट क्रम लावला तर एकत्र असताना कोणी बोलत नाही आणि वेगळं झाल्यावर वेळ संपतो.

वेगळं बसवताना एखादं मूल ‘मी कुठे बसू’ या पेचात पडू शकतं. गट जाहीर करताना ‘तुम्हाला जिथे बरं वाटेल तिथे बसा’ एवढं म्हणायचं आणि पुढचं काम सुरू करायचं. खोदून विचारायचं नाही.

आणखी एक: मुलग्यांच्या सत्रात बहुतेक ठिकाणी धाक घालण्यापलीकडे काही नसतं. त्यांच्या शरीराबद्दल कामाच्या गोष्टी कोणी सांगतच नाही.

रबरीशिक्का
गच्चीवरच्यांशी शंभर टक्के सहमत. मुलग्यांच्या सत्रात हे तीन मुद्दे हवेतच.

एक, झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही आणि त्याने ताकद जात नाही. हे नीट सांगितलं की भीतीवर धंदा करणाऱ्या भोंदूंचं एक गिऱ्हाईक कमी होतं.

दोन, वयात येताना छातीच्या बोंडामागे गाठ येऊन दुखणं. साधारण निम्म्या मुलग्यांना थोडंफार होतं आणि सहसा सहा महिन्यांपासून दोन वर्षांत आपोआप जातं. मुलं शर्ट काढायला, खेळायला टाळाटाळ करतात त्यामागे कधीकधी हेच असतं.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: अंडकोषात अचानक जोराची कळ. अंडकोष आपल्याच दोरीभोवती पिळला जाऊन रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर झपाट्याने घटते. १२ ते १८ या वयात हे जास्त आढळतं. मुलगा लाजेने ‘पोट दुखतंय’ म्हणतो, मळमळ-उलटीही होते, घरचे पोटदुखीचं औषध देतात आणि रात्र निघून जाते. म्हणून मुलांना वाक्यच शिकवायचं: ‘खाली दुखतंय, अचानक सुरू झालंय, आत्ता दवाखान्यात न्या.’ दोनदा मोठ्याने म्हणून घ्या. पहिल्यांदा हसतील, दुसऱ्यांदा नाही.

निळीदौत
याच चालीवर पाळीबद्दल. ‘पाळी २८ दिवसांनी येते’ हे वाक्य खोडा. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, पहिली एकदोन वर्षं तर ते पुढेमागे होतंच. २८ चा आकडा डोक्यात बसलेली मुलगी दर महिन्याला विनाकारण धसका घेते. ‘नियमित येते का’ असं मोघम विचारण्यापेक्षा दवाखान्यात कधी जायचं ते आकड्यांत द्या: पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी सुरू नाही, तीन महिन्यांहून मोठा खंड, सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, किंवा पॅड तास-दोन तासांत भिजून बदलावं लागतंय. आणि दुखण्यामुळे शाळा किंवा काम बुडत असेल तर ‘सहन करायची सवय लाव’ हे उत्तर नव्हे, त्यावर औषधं आहेत.

वस्तीत पाण्याची आणि संडासाची अडचण असेल तर कपडा कुठे वाळवायचा, पॅड कुठे टाकायचं यावर बोलल्याशिवाय बाकीचं सगळं हवेत राहतं. धुतलेला कपडा कोपऱ्यात दडवून ओलाच वापरला जातो तो लाजेमुळे. उन्हात वाळवता यावा म्हणून वरून पातळ ओढणी टाकून दोरीवर घालायची, एवढी साधी युक्तीही चालते.

कागदकात्री
संसर्गाच्या सत्रासाठी पेल्यांचा खेळ घ्या. वीस पारदर्शक पेले, प्रत्येकात अर्ध्यापर्यंत पाणी. एकाच पेल्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून ठेवायचा, दिसायला सगळे सारखे. प्रत्येकाने तीन फेऱ्यांत तीन वेगवेगळ्या जणांशी अदलाबदल करायची: आपलं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, मग निम्मं परत घ्यायचं. दोघांना आधीच सांगून ठेवायचं की पेल्यावर झाकण ठेवा आणि कोणाशीच अदलाबदल करू नका. शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणाऱ्या रसायनाचे) दोन थेंब. एका पेल्यापासून तीन फेऱ्यांत आठपर्यंत पेले गुलाबी होतात. झाकणवाले तसेच राहतात.

खायचा सोडा वापरू नका. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) साधारण ८.३ असतो आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायला लागतं तेही तिथेच. पातळ झाल्यावर रंग उमटतच नाही. नळाचं पाणीच अल्कधर्मी असेल तर उलटा घोळ, सगळेच पेले फिकट गुलाबी! आदल्या दिवशी त्याच नळाच्या पाण्यात थेंब टाकून बघा. द्रावण अल्कोहोलमधलं असतं, तेव्हा मेणबत्ती वगैरे जवळ नको. कोणीही चाखायचं नाही हे दोनदा बजावा.

तिरकीरेघ
म्हणजे लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा. मुलं आता दोन्ही विषयांना घाबरतील.

निळीदौत
गंमत ठीक, पण या खेळाला दोन मोठी छिद्रं आहेत. पहिलं म्हणजे पेला गुलाबी झालेल्या मुलाला आठवडाभर चिडवतात आणि ‘कोणापासून सुरू झालं’ याचा शोध लागतो. म्हणून सोड्याचा पेला शिकवणाऱ्याने स्वतःकडेच ठेवावा आणि खेळात उतरावं. उगम आपणच असल्याचं शेवटी सांगून टाकलं की बोट कोणा मुलाकडे जात नाही.

दुसरं छिद्र जास्त वाईट आहे. पेल्यातून पेल्यात पाणी ओतलं की संसर्ग पसरला हे पाहिलेलं मूल ‘एकाच भांड्यातून पाणी प्यायल्याने एचआयव्ही होतो’ हा निष्कर्ष घेऊन घरी जातं. म्हणजे जे खोडायचं तेच घट्ट झालं. खेळ संपल्यावर लगेच, पाणी ओतून द्यायच्या आधी, कशाने पसरत नाही ते म्हणून घ्या: एकत्र जेवण, एकच भांडं, संडास, डास, मिठी, खोकला. ते नीट जमणार नसेल तर पेले सोडून चिठ्ठ्यांचा खेळ घ्या: अदलाबदल तशीच, पण पाण्याऐवजी चिठ्ठ्यांची, आणि एकीवर खूण.

दुसरीपाळी
+१. आणि तो चिकटपट्टीचा ‘खेळ’ कोणी सुचवायच्या आधीच सांगते: एक पट्टी दहा जणांच्या हाताला लावत न्यायची, शेवटी ती चिकटत नाही, मग म्हणायचं ‘बघा, असं होतं’. वर्गात अत्याचार झालेलं एखादं मूल बसलेलं असेल असं धरूनच चालावं लागतं. त्याने यातून काय घ्यायचं? आपण वापरून फुकट गेलो, हेच ना?

शंकेखोर
राखून ठेवलेली निम्मी हरकत इथे काढणार होतो, पण पट्टीच्या बाबतीत तुमच्याच बाजूने आहे. थोडी भीती मात्र हवीच की. एचआयव्हीची भीती गेली तर काळजी कोण घेणार?

रबरीशिक्का
भीतीने माणूस तपासणी टाळतो, धोका टाळतोच असं नाही. आणि आजची वस्तुस्थिती मुळात तशी भयंकर राहिलेली नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने औषधं नियमित घेतली आणि रक्तातलं विषाणूचं प्रमाण चाचणीत दिसणार नाही इतकं खाली टिकलं, तर लैंगिक संबंधांतून तो पसरत नाही. हे वर्गात सांगायलाच हवं, कारण त्या वीस जणांत जन्मापासून एचआयव्ही असलेलं मूल असू शकतं.

चाचणीचं वेळापत्रकही द्या. धोक्यानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या चाचणीतून काही कळत नाही. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीरात बनलेली प्रतिद्रव्यं, दोन्ही बघणारी) चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, फक्त अँटिबॉडी बघणारी २३ ते ९० दिवसांत. क्लॅमिडियासारखे संसर्ग तर बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाहीत. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हे खोडणं फोडांचे फोटो दाखवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. ते फोटो बघून मुलं एवढंच शिकतात की आपल्याला असं भयानक काही झालेलं नाही, म्हणजे आपण ठणठणीत.

खिडकीकाठ
पेल्यांऐवजी चिठ्ठ्याच घेते. कंडोमचं काय? आणि आकडे कसे सांगायचे? ‘९८ टक्के’ म्हटलं तर मुलांच्या डोक्यात काही उमटत नाही.

कागदकात्री
मण्यांनी दाखवा. शंभर पांढरे मणी म्हणजे शंभर जोडपी, एक वर्ष. लाल मणी म्हणजे गर्भ राहिला. कंडोम प्रत्येक वेळी अचूक वापरला तर दोन मणी लाल. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरला तर तेरा लाल. मग विचारा: मधले अकरा कुठून आले? उत्तरं मुलंच काढतील: कधी घातलाच नाही, उशिरा घातला, मुदत संपलेला होता, तेल लावलं. तेलाने लेटेक्स (कंडोमचं रबर) कमजोर होतं, वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं हवं. महिनोन्महिने पाकिटात राहिलेला कंडोम उष्णतेने आणि घासून खराब झालेला असू शकतो.

थोरल्या गटाला लाकडी मॉडेलवर दाखवा, फळावर नको. काही मुलं फळावरच घालायचं असतं असं शब्दशः समजतात, हा विनोद नाही. पाकीट दाबून आत हवा आहे का बघणं, कडेने फाडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, सुलटा की उलटा ते घालण्याआधी ओळखणं, चुकून उलटा लागला तर फेकून नवा घेणं, काढताना बुडाशी धरणं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. पायऱ्यांची चित्रं विस्कटून गटांना क्रम लावायला द्या, म्हणजे कोणाला पुढे बोलवावं लागत नाही.

गच्चीवरचा
तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल वस्तीत सगळ्यांत जास्त गैरसमज असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकदाच, असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत. जितकी लवकर तितकी परिणामकारक. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम १२० तासांपर्यंत. तांबी बसवून घेणं हाही पाच दिवसांपर्यंतचा उपाय आहे आणि तो सर्वांत खात्रीचा. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. घेतल्यावर दोनतीन तासांत उलटी झाली तर पुन्हा विचारायला जायचं. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर गर्भ तपासणी करायची. आणि संसर्गापासून ती अजिबात वाचवत नाही, हे वाक्य वगळलं की मुलं गोळीलाच कंडोम समजतात.

दुसरीपाळी
आता या धाग्यात तीन वेळा ‘तास’ आले. सहा तास, ७२ तास, १२० तास. एचआयव्हीचा धोका झाल्यावर द्यायची प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस घ्यायची. बलात्कार झाला असेल तर हीच घड्याळं एकदम चालू होतात. वस्तीतल्या मुलांचा वेळ लाजेत, परवानगीत आणि चुकीच्या रांगेत जातो. म्हणून एकच कार्ड करा, ‘किती तासांत?’ एका बाजूला तासांप्रमाणे या गोष्टी, दुसऱ्या बाजूला तुमच्या भागातला दवाखाना, वेळ, आणि तिथे नक्की कोणाला भेटायचं ते. खिशात मावेल एवढं. शीर्षकात ‘लैंगिक’ शब्द नको आणि मधे पोटदुखी, भाजणं, कुत्रा चावणं हेही टाका, म्हणजे घरी सापडलं तरी प्रश्न उठणार नाहीत.

तिरकीरेघ
कुत्रा चावण्याच्या आडून लैंगिक शिक्षण. दंडवत घ्या.

रबरीशिक्का
कार्डावर दवाखान्याचं नाव छापण्याआधी तो दवाखाना तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये किशोरांच्या आरोग्यसेवेचे आठ दर्जानिकष काढलेत. ते सगळे वाचायला वेळ नसेल तर एवढं बघा:

खिडकीवरचा माणूस ‘काय झालंय’ असं सगळ्या रांगेसमोर विचारतो का? नाव मोठ्याने पुकारतात का? वाट बघायच्या बाकावर वस्तीतलीच माणसं बसतात का? काम करणाऱ्या मुलांच्या सुट्टीच्या वेळी तो बंद असतो का? पालकांशिवाय आलेल्या मुलाला बघतात का, आणि तिथला कायदा त्याबद्दल काय सांगतो? यातलं बरंचसं फुकटात सुधारता येतं. खिडकीवर ‘कार्ड नंबर दोनसाठी आलोय’ एवढं सांकेतिक वाक्य म्हटलं की थेट आत, असं आधी बोलून ठरवता येतं. ते वाक्य वर्गात घोकून घ्या. एका सत्रात गटाने पायी दवाखान्यापर्यंत जाऊन यायचं, आतली खोली बघायची, परिचारिकेशी ओळख करून घ्यायची. तपासणी नाही, काही नाही. उंबरठा एकदा ओलांडलेला असला की गरजेच्या वेळी पाय अडखळत नाहीत.

बारा-चौदाच्या मुली असल्यामुळे एचपीव्ही लशीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या) चौकशीही तिथेच करा. ९ ते १४ वयाच्या मुली हा तिचा मुख्य गट आहे आणि डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या वयात एक किंवा दोन मात्रा चालतील असं म्हटलंय.

शंकेखोर
कायद्याचं निघालंच आहे तर विचारतो. मूल सत्रात काही सांगून बसलं तर? गुप्तता पाळायची की कळवायचं?

निळीदौत
‘हे कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. पहिल्याच सत्रात मर्यादा सांगायची: ‘इथलं बोलणं इथेच राहील, पण तुमच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुमच्यावर अत्याचार करत असेल तर मला ठरलेल्या माणसाला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुमच्याशी बोलेन.’ अल्पवयीन मुलांबाबत कळवणं कुठे कितपत बंधनकारक आहे ते आधीच वकिलाकडून समजून घ्या. मूल समोर रडत असताना कायद्याचं पुस्तक उघडता येत नाही.

प्रत्यक्ष वेळ आली की ऐकायचं. ‘मग तू ओरडली का नाहीस’ अशा तऱ्हेचे प्रश्न तोंडातून निघता कामा नयेत. चौकशी करायची नाही, तपशील खणायचे नाहीत, कारण तेच पुढे तज्ज्ञ विचारणार आहेत आणि दर वेळी मुलाला ते पुन्हा भोगावं लागतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ आणि पुढे काय होणार ते. नंतर लगेच मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. आपला अर्थ त्यात मिसळायचा नाही. त्रास देणारा घरातलाच असू शकतो, म्हणून ‘आधी पालकांना सांगू’ हे आपोआप धरून चालायचं नाही.

गच्चीवरचा
मोबाइलबद्दल कोणीच नीट बोललं नाही. फोटो मागणं, मग धमकावणं, मग पैसे किंवा आणखी फोटो. मुलांना चार गोष्टी: पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही, संभाषण पुसून टाकायचं नाही, एका मोठ्या माणसाला सांगायचं. धमकीचे संदेश आणि समोरच्याचं खातं यांचे स्क्रीनशॉट घेऊन मगच ब्लॉक. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे, २०२३ पासून. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो, मग त्यात सामील असलेली संकेतस्थळं तो फोटो शोधून काढू शकतात.

शिकवणाऱ्यांसाठी एक पक्की लक्ष्मणरेषा: मुलाला तो फोटो आपल्याला ‘पुरावा म्हणून’ पाठवायला सांगायचं नाही, आपल्या फोनवर घ्यायचा नाही, सहकाऱ्याला दाखवायचा नाही. हेतू कितीही चांगला असो, अल्पवयीन मुलाचं तसं चित्र जवळ बाळगणं हाच बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे.

कागदकात्री
जागेबद्दल. पत्र्याच्या किंवा पातळ भिंतीपलीकडे शेजारी सगळं ऐकतात. ध्वनिक्षेपक बंद, बाहेरच्या खोलीत त्याच वेळी गाण्यांचा किंवा कॅरमचा गट. फलकावर ‘आरोग्य गट’ एवढंच. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या मुली असतील, तर शेजारच्या खोलीत कोणीतरी त्या पोरांना सांभाळायला हवं. नाहीतर ती मुलगी दुसऱ्या सत्रापासून येतच नाही आणि नोंदवहीत ‘रस नाही’ अशी नोंद होते. कामावरच्या मुलांसाठी तेच सत्र आठवड्यातून दोन वेळा.

शंकेखोर
एवढं सगळं करण्यापेक्षा वस्तीतलीच दहा चुणचुणीत मुलं तयार करून सोडली तर? स्वस्तात काम.

दुसरीपाळी
आकर्षक वाटतं, पण २०१५ मध्ये व्यंकटरामन चंद्रमौळी आणि सहकाऱ्यांनी किशोरांच्या प्रजनन आरोग्यात काय चालत नाही याचा आढावा घेतला, त्यात युवा केंद्रं, समवयस्क शिक्षक आणि एकदाच होणाऱ्या जाहीर सभा हे तिन्ही होतं. समवयस्क शिक्षकांच्या कार्यक्रमात फायदा होतो तो मुख्यतः त्या शिक्षक मुलांनाच. त्यांना सोबती म्हणून वापरा: दवाखान्यापर्यंत चालत जायला, कार्ड द्यायला, सत्राचं बोलावणं करायला. गोळीची मात्रा सांगायला नको.

खिडकीकाठ
सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा असा. दोन वयोगट. पहिलं सत्र नियम, गुप्ततेची मर्यादा, पेटी. दुसरं शरीर आणि पाळी, चाळीस मिनिटं वेगळं. तिसरं नाती, संमती आणि ‘नाही’ म्हणणं. चौथं मोबाइल. पाचवं गर्भधारणा आणि गर्भनिरोधन, धाकट्यांना संक्षेपात, थोरल्यांना मणी आणि मॉडेल. सहावं संसर्ग आणि एचआयव्ही एकत्र, चिठ्ठ्यांचा खेळ. सातवं पायी दवाखाना. प्रश्नमंजूषा काढली. आठव्याचं काय करू? आणि संमतीच्या सत्रात नाट्य बसवायचं म्हटलं तर मुलं लाजून बसतात.

निळीदौत
नाट्यात दोन मुलांची जोडी लावू नका, वस्तीत ती नावं मग वर्षभर चिकटतात. गळ घालणारा शिकवणाऱ्यानेच व्हावं आणि सगळ्या गटाने मिळून उत्तर द्यावं. सुरुवात साध्या मागणीने करा: फोनचा पासवर्ड मागणं. मग फोटो, मग एकटं भेटणं. दर पायरीला गळ घालणाऱ्याची वाक्यं तीच येतात: ‘विश्वास नाही का’, ‘सगळेच करतात’, ‘मग आपलं संपलं’. तीच वाक्यं फळ्यावर लिहून उत्तरं जमवा. दुसऱ्या बाजूचा सरावही घ्या: समोरचा गप्प आहे, विषय बदलतोय, हात बाजूला करतोय, तर थांबायचं आणि विचारायचं. तो सराव सहसा कोणी घेत नाही.

रबरीशिक्का
आठवं सत्र सातव्यानंतर एक महिन्याने ठेवा. तोवर मुलं पेटीत खरे प्रश्न टाकतात, कार्ड कोणाला कामी आलं आणि कोणाला दवाखान्यातून परत पाठवलं ते कळतं. आधी-नंतरच्या लेखी चाचणीवर फार विसंबू नका, उत्तरं पाठ होतात. ‘तातडीने कुठे जाशील आणि कोणाला सांगशील’ हा एकच प्रश्न पहिल्या आणि आठव्या सत्रात तोंडी, एकेकट्याला विचारा. दवाखान्यातून फक्त ‘कार्ड नंबर दोन’ने आलेल्यांची संख्या घ्या, नावं नाहीत.

शंकेखोर
उरलेली निम्मी हरकत मागे. पण कार्डावरचे फोन नंबर दर तीन महिन्यांनी स्वतः लावून बघा. लागत नसलेला नंबर छापलेलं कार्ड कोरं असलेलं बरं.

कागदकात्री
बरोबर. म्हणून नंबर छापूच नका, त्या जागी चिकटवायची पट्टी ठेवा. बदलला की नवी पट्टी. अक्षर किमान १४ आकाराचं, आणि तासांचे आकडे लाल.

तिरकीरेघ
अखेर चिकटपट्टीचा काहीतरी चांगला उपयोग निघाला.